वर्ध्याचा वैशाख आणि सोड्याचें थंड यंत्र

वैशाखांत भर दुपारीं वर्ध्याच्या रस्त्यावर उभें राहणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एकदां अनुभवलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. पारा ४६ अंशांवर चढलेला असतो आणि वारा भट्टीच्या तोंडून आल्यासारखा लागतो. अशा मुलखांत थंड पेय ही नुसती चैन उरत नाहीं; आणि तें मिळविण्यासाठीं माणसानें केलेल्या खटाटोपांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१९४२ च्या जून महिन्यांत लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामास आठवडाभर गांधीजींचे पाहुणे होते. मुलाखतींचीं टिपणें टंकयंत्रावर उतरवावयाचीं, पण उकाड्यानें जीव नकोसा होई. शेवटीं त्यांनीं पत्र्याच्या टबांत पाणी भरलें, त्यांत एक खोकें ठेवून त्यावर बैठक मारली, बाहेर दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र मांडलें, आणि वाडग्यानें अंगावर पाणी ओतीत तासभर लेखन केलें. हंसूं येईल खरें, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें ही युक्ति बिनतोड होती. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातें. सुरई, वाळ्याची टट्टी, ओल्या फडक्यांत गुंडाळलेला माठ, सर्वांचें मर्म हेंच. मात्र हवा कोरडी पाहिजे. मृगाचा पाऊस सुरू झाला कीं माठ रुसतो तो यामुळेंच.

सोड्याचें पाणी याहून हट्टी. जोसेफ प्रीस्टली यानें १७६७ च्या सुमारास लीड्स येथें बीअरच्या पिंपावर पाण्याचें भांडें टांगून तें वायुयुक्त केलें, आणि १७८३ सालीं जिनिव्हांत श्वेप यानें त्याचा धंदा मांडला. पण त्या पाण्यांतील कर्बवायु थंडीचा मित्र आणि उष्णतेचा वैरी. साधारण वातावरणाच्या दाबाखालीं शून्य अंशावर एक लिटर पाणी पावणेदोन लिटरच्या जवळपास वायु पोटांत ठेवतें. चाळीस अंशांवर जेमतेम अर्धा लिटर. गरम सोडा उघडतांच उसळून बेचव होतो, त्यांत दुकानदाराचा दोष थोडाच असतो! हायरम कॉड याच्या १८७२ च्या गोटीच्या बाटलीनें वायु कोंडला. थंडाव्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याला पहिलें उत्तर मिळालें तें समुद्रावरून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचें ‘टस्कनी’ जहाज १८३३ सालीं सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारें १०० टन शाबूत घेऊन कलकत्त्यास पोहोंचलें. पुढल्याच वर्षीं मुंबईस अमेरिकन बर्फ उतरला. वर्धा शहर वसलें १८६६ सालीं, पालकवाडी या खेड्याच्या जागीं. आगगाडी नागपुरास भिडली १८६७ सालीं.

पुढें विजेचीं यंत्रें आलीं. अमेरिकेंत १९३० नंतर नाणें टाकतांच थंड बाटली देणाऱ्या पेट्या पसरूं लागल्या. भारतांत कोका-कोला १९५० सालीं आलें, १९७७ सालीं गेलें व १९९३ सालीं परतलें. आज असें जुनें यंत्र कोणी हौसेनें मिळवितो, आणि वर्ध्याच्या उन्हांत तें थंड करीनासें होतें. लोक लागलीच म्हणतात, गॅस संपला! वस्तुतः हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें. बाहेरची हवाच ४६ अंश असेल तर कंडेन्सरची नळी साठ अंशांच्या आसपास तापल्याखेरीज उष्णता बाहेर पडत नाहीं. म्हणून आधीं यंत्र सावलींत, भिंतीपासून दूर सरकवावें आणि नळ्या ब्रशानें झाडाव्या. कपाशीच्या या मुलखांत तंतु आणि धूळ तेथें हमखास साठतात. मग दाराच्या रबरांत कागदाची पट्टी धरून ओढावी. ती सहज निसटली तर रबर मेलें आहे. अमेरिकन यंत्र ११५ व्होल्ट व ६० आवर्तनांचें. ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनें बदलीत नाहीं. आपल्या ५० आवर्तनांवर मोटर सुमारें एक षष्ठांशानें मंद फिरते, तितकी थंडीहि कमी.

गॅसची पाळी शेवटीं. बंद नळींतला गॅस खर्च होत नसतो. तो कमी असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि ती न शोधतां भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. येथें जिवाचाहि प्रश्न आहे. जुन्या यंत्रांत कधीं सल्फर डायऑक्साइड असे, कधीं मिथिल क्लोराइड. पहिला नाकाला झोंबून जागें करतो. दुसऱ्याचा वास जवळजवळ येत नाहीं, आणि १९२९ सालीं शिकागोंत त्यानें घरगुती शीतयंत्रांतून गळून बळी घेतले. यास्तव पाटी वाचल्यावांचून नळीला हात लावूं नये. १९३० च्या सुमारास निघालेला फ्रिऑन निर्धोक म्हणून गाजला, पण त्यानें ओझोनचा थर विरळ केला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागें पडला. त्याच्या जागीं १३४-ए भरावयाचा तर जुनें खनिज तेलहि बदलावें लागतें, कारण दोघांचें जमत नाहीं.

कारागीर येईपर्यंत बाटल्या ओल्या गोणपाटांत, वाऱ्याच्या झोतांत ठेवाव्या. कोरड्या हवेंत त्या पंचवीस अंशांच्या आसपास उतरतात. सोड्यास तें पुरेसें नाहीं, पण दुपार निभावते.