पंचगंगेकाठचे आबालाल रहिमान आणि ‘भारतीय मोने’ ही उपाधी

१/ नेवाशाला प्रवरेचे पात्र सकाळी पाहावे आणि पुन्हा सूर्यास्ताला पाहावे. पाणी तेच, रंग निराळा. या बदलत्या प्रकाशालाच चित्राचा विषय करणारी चळवळ म्हणजे इंप्रेशनिझम, मराठीत दृक्प्रत्ययवाद. १८७४ साली पॅरिसमध्ये तिचे पहिले प्रदर्शन भरले. क्लोद मोने यांच्या एका चित्राच्या नावावरून समीक्षकाने केलेली थट्टाच पुढे चळवळीचे नाव ठरली.

२/ त्याच सुमारास कोल्हापुरात एक मुलगा वाढत होता : आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१). १८८० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि १८८८ मध्ये व्हाइसरॉय पदक मिळवले. तेथील शिक्षण ब्रिटिश अकादमिक वळणाचे होते. काटेकोर रेखाटन, यथादर्शन आणि छायाप्रकाश यांवर त्याचा भर असे.

३/ एवढे यश मिळूनही ते कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. पंचगंगेचा घाट, रंकाळा आणि कोटितीर्थ हे जलाशय त्यांनी पुनःपुन्हा रंगवले.

४/ या निसर्गचित्रांत अकादमिक शिस्त हळूहळू सैल होते. कडा धूसर होतात, रंगाचे लहान तुटक फटकारे शेजारी शेजारी येतात. घाटाच्या दगडापेक्षा त्यावर पडलेले ऊन महत्त्वाचे ठरते.

५/ म्हणून त्यांना ‘भारतीय मोने’ म्हणावे का? आबालाल फ्रान्सला कधी गेले नाहीत. साम्य दिसले की प्रभाव सिद्ध झाला, असे इतिहासात मानता येत नाही. मोने सेन नदीच्या काठी वर्षानुवर्षे राहिले, आबालाल पंचगंगेच्या. एकच पाणी रोज निरखणारा डोळा प्रकाशापर्यंत स्वतःच्या वाटेनेही पोहोचू शकतो. ‘भारतीय मोने’ या शब्दांत गौरव आहे खरा, पण मूळ तिकडचे आणि नक्कल इकडची, हे गृहीतकही त्यात दडलेले आहे.

६/ ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या शोकात आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. तिच्यातील आकडा पुरावा म्हणून घेता येणार नाही. मात्र चित्रे नाहीशी होतात, तेव्हा चित्रकाराच्या वाटचालीचा क्रमही हरवतो. कोणता बदल केव्हा झाला, हे मग उरलेल्या थोड्या चित्रांवरून ताडावे लागते. उसनी उपाधी अशाच रिकाम्या जागेत सहज रुजते.

७/ पुढे आनंदराव व बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आदींनी कोल्हापूरला ‘कलापूर’ ही ओळख मिळवून दिली. त्या परंपरेच्या आरंभी आबालाल उभे आहेत. त्यांचे चित्र पाहताना पॅरिस क्षणभर बाजूला ठेवावे आणि आधी पंचगंगेचे ऊन पाहावे. तुलना त्यानंतरही करता येते.