जीपीएस यंत्राचे अक्षांश-रेखांश आणि जुने नकाशे

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें इ. स. १८२३ मध्यें विल्यम लॅम्बटन याचा अंत झाला. मद्रासजवळ इ. स. १८०२ मध्यें पायारेषा मोजून त्यानेंच हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला होता. पुढें तें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें चालविलें. किल्ले, लेणीं व शिलालेख यांचीं स्थलें ठरवितांना आपण ज्या जुन्या नकाशांचा आधार घेतों, त्यांचा पाया हीच मोजणी होय. अलीकडे संशोधक जीपीएस यंत्र घेऊन गडावर जातात, तेथें मिळालेले अंक टिपतात व तेच जुन्या नकाशावर मांडतात. असें करणें युक्त आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारार्थ घेतला आहे.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित् चपटी असल्यामुळें तिच्या गणितासाठीं एक आदर्श गोलाभ कल्पावा लागतो. एव्हरेस्टच्या इ. स. १८३० च्या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारें ६३,७७,२७६ मीटर आहे. जीपीएसला आधारभूत असलेल्या डब्ल्यूजीएस ८४ या गोलाभाची ६३,७८,१३७ मीटर आहे. शिवाय पहिला गोलाभ मध्य प्रदेशांत सिरोंजजवळील कल्याणपूर हें मूलस्थान धरून हिंदुस्थानच्या भूमीशीं जुळविलेला, तर दुसरा पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशीं. अर्थात् दोहोंचीं केंद्रें एक नव्हेत. हें अंतर तीन अक्षांवर अनुक्रमें २९५, ७३६ व २५७ मीटर असें प्रसिद्ध आहे. मात्र त्या प्रत्येक अंकांत दहा-पंधरा मीटरांची अनिश्चितता आहे.

रायगडाचें उदाहरण घेऊं. वरील मूल्यांनीं हिशेब केला असतां जीपीएसचा अक्षांश एव्हरेस्टच्या अक्षांशाहून सुमारें साडेतीन विकला अधिक व रेखांश सुमारें अडीच विकला उणा येतो. म्हणजे यंत्राचे अंक जसेच्या तसे जुन्या नकाशावर मांडल्यास स्थान सुमारें शंभर मीटर उत्तरेस व सत्तर मीटर पश्चिमेस सरकतें. मैलास एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर हें अंतर दोनच मिलिमीटर दिसेल. परंतु गडाच्या पश्चिमेकडील हिरकणी टोकावरील वास्तु त्यामुळें दरींत जाऊन पडेल. कोणत्या पडक्या चौथऱ्यापाशीं शिलालेख सांपडला, याचा निर्णय अशा वेळीं फसल्यावांचून राहणार नाहीं.

याहून मोठा धोका मद्रासच्या रेखांशाचा आहे. जुन्या कित्येक नकाशांत मद्रास वेधशाळेचा रेखांश ८०° १७′ २१″ धरिलेला असे; तो सुमारें अडीच कलांनीं अधिक होता. आपल्या अक्षांशावर एवढ्या फरकानें स्थान चार किलोमीटरांहून अधिक सरकतें! यास्तव नकाशाच्या समासांतील टीप आधीं वाचावी.

आतां प्रक्षेपाविषयीं. गोलाभ बदलणें आणि प्रक्षेप बदलणें या दोन भिन्न क्रिया आहेत व त्यांचा क्रम उलटतां कामा नये. प्रथम जीपीएसच्या अंकांवरून पृथ्वीकेंद्राच्या अपेक्षेनें स्थान काढावें. त्यांतून केंद्रभेद वजा करावा. मग एव्हरेस्टच्या गोलाभावरील अक्षांश-रेखांश काढावे. आणि शेवटीं ते प्रक्षेपांत उतरवावे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लॅम्बर्टच्या जाळ्यांतील ‘तीन-अ’ पट्ट्यांत येतो. त्याचा मध्यबिंदु १९ अंश उत्तर व ८० अंश पूर्व असा असून तेथें पूर्वेचा अंक ३० लक्ष यार्ड व उत्तरेचा १० लक्ष यार्ड मानिला आहे. पहिली क्रिया गाळून केवळ दुसरी केली, तर अंक सुबक दिसतात, पण चूक तशीच राहते.

इ. स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आधारलेले आहेत. तेथें गोलाभ बदलण्याचें कारण नाहीं. त्यांचा प्रक्षेप यूटीएम असून पश्चिम महाराष्ट्र त्याच्या ४३ व्या पट्ट्यांत, ७५ अंशांच्या मध्यरेखेभोंवतीं येतो.

तात्पर्य, स्थलनिर्देश प्रसिद्ध करितांना यंत्राचे मूळ अंक, त्यांचा गोलाभ व टिपल्याची तारीख अवश्य द्यावी. रूपांतरित अंक त्याखालीं निराळे द्यावे. पोथीचा मूळ पाठ आपण आपल्या दुरुस्तींत बुडूं देत नाहीं. तोच नियम येथेंही लागू आहे. पुढील शोधकास आपली चूक सुधारतां आली पाहिजे, आणि त्याकरितां मूळ अंक शिल्लक राहिले पाहिजेत.