मखमली कृमी
मखमली कृमी दिसायला सुरवंटासारखे असले, तरी ते कीटक नव्हेत आणि खरे कृमीही नव्हेत. ऑनिकोफोरा या स्वतंत्र संघात त्यांचा समावेश होत असून त्यांच्या सुमारे २०० जाती ज्ञात आहेत. लॅन्सडाउन गिल्डिंग यांनी १८२६ मध्ये वेस्ट इंडीजमधील पेरिपॅटस या मखमली कृमीचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्याला मृदुकाय, म्हणजे गोगलगाईच्या संघातील प्राणी मानले होते. कीटकांना कठीण कवच व सांध्यांचे सहा पाय असतात. याउलट मखमली कृमींची उपत्वचा, म्हणजे शरीराचे बाह्य आवरण, पातळ व लवचिक असते आणि त्यांचे आखूड, सांधेविरहित, नखरयुक्त पाय शरीरातील द्रवाच्या दाबावर ताठ राहतात. हवा थेट ऊतकांपर्यंत नेणाऱ्या सूक्ष्म श्वासनाल दोघांतही असतात. परंतु बहुतेक कीटकांना श्वासरंध्रे मिटता येतात, मखमली कृमींना ती मिटता येत नाहीत, आणि या एकाच उणिवेमुळे शरीरातील पाणी सतत उडून जात असल्याने त्यांचे सारे जीवन दमट पालापाचोळ्याशी व कुजक्या ओंडक्यांशी बांधले गेले आहे. पायांच्या बुडाशी जोडीने असणारी उत्सर्जक वृक्कके गांडुळासारख्या वलयी प्राण्यांची आठवण करून देतात. तथापि कात टाकणे व खुले रक्ताभिसरण यांवरून त्यांचे संधिपाद, म्हणजे कीटक ज्या संघात मोडतात त्या संघातील, प्राण्यांशी असलेले नाते अधिक जवळचे ठरते. मुखाजवळील दोन उंचवट्यांतून चिकट द्राव फवारून भक्ष्य जखडण्याची त्यांची पद्धत मात्र खास त्यांचीच आहे. भारतातील टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी ही जाती अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात आढळते. तिचे वर्णन स्टॅन्ली केम्प यांनी १९१३ मध्ये केले.