तालमीतील जोडीदार

कुस्तीचा इतिहास आपण बहुधा फडांचा इतिहास म्हणून सांगतो. कोणी कोणाला चीत केले, गदा कोणाच्या खांद्यावर चढली, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण मल्ल घडतो तो तालमीच्या हौद्यात, आणि तेथे वस्तादाइतकाच त्याचा जोडीदार त्याला घडवतो. आज आपण ह्या जोडीदाराकडे पाहू.

बाराव्या शतकात आपला बीडचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, पकडी आणि मेहनतीचे प्रकार आले आहेत. वजनाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम हे त्यांपैकी काही. ह्या स्तंभश्रमात अभ्यासक मल्लखांबाचे मूळ पाहतात. खांब हा मोठा सरळ जोडीदार! मिठी चुकली की मल्ल घसरतो. खांब दया करीत नाही आणि चिडतही नाही. माणूस दोन्ही करतो.

अंगाला अंग भिडले की शिकलेला डाव बिघडू लागतो. खडाखडीत दोन हात अंतर असते, तोवर पाय ठिकाणावर असतात. मग मानेवर हात पडतो, कपाळाला कपाळ लागते, आणि पोरगा ताकद लावू लागतो. श्वास कोंडतो, मान खाली जाते, पावले जवळ येतात. एकेरी पट काढताना तो गुडघ्यात न वाकता कमरेत वाकतो. पाय हाती येतो, पण पाठ उघडी पडते. जोडीदार दुबळा असेल तर असा चुकलेला पटही लागतो, आणि लागला म्हणून चूक अंगी मुरते. आमच्या मते तालमीतला खरा धोका हाच. दुखापत त्यामानाने लवकर बरी होते.

म्हणून जुन्या तालमींत लढत देणे हे जिंकण्याहून वेगळे काम मानले जाई. थोरला मल्ल धाकट्याला आधी पाय देतो, मग थोडा अडवतो, मग पुरता; आपले सारे बळ मात्र लावीत नाही. कडेला वस्ताद उभा असतो. त्याचे लक्ष कोण पडले ह्यापेक्षा कसा पडला ह्याकडे असते.

पुढे मॅट आली. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा ह्या मातीतल्या मल्लाला मॅट नवखी होती. तरी ते सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मातीत पाय रुततो, पकडीत दम खाता येतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशोब. सरावातही पोरे गुण मोजू लागतात, आणि लढत देणारा थोरला मागे पडतो.

मराठवाड्याला कुस्ती परकी नाही. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादेतच झाली. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांना कुस्तीचा वारसा मल्ल असलेल्या वडिलांकडून मिळाला. परंतु पुढचे शिक्षण त्यांना पुण्यात घ्यावे लागले, आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. दुष्काळी तालुक्यातले पोर घर सोडून इतक्या लांब जाते ते केवळ खुराकासाठी आणि मॅटसाठी नव्हे. पुण्याच्या तालमीत रोज पहाटे त्याच्या वजनाचे, त्याच्याहून सरस जोडीदार समोर उभे राहतात. त्यांची नावे निकालाच्या याद्यांत येत नाहीत.