सार्डिनियातील जलाशय : भयस्थानापासून विहारस्थळापर्यंत

प्रस्तावना

भूमध्य समुद्रातील बेटांच्या पर्यटनाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा समुद्रकिनाऱ्यांवरच खिळून राहते. सिसिलीच्या खालोखाल विस्तार असलेल्या सार्डिनियाच्या बाबतीतही असेच घडले आहे. १९६२ पासून आगा खान यांच्या पुढाकाराने ईशान्य किनाऱ्यावर 'कोस्टा स्मेराल्डा' ही धनिकांची पर्यटनवसाहत उभी राहिली आणि बेटाची ओळख त्या किनाऱ्याशी कायमची जोडली गेली. तथापि बेटाच्या डोंगराळ अंतर्भागात गोड्या पाण्याचे अनेक जलाशय असून नौकाविहार, कयाक चालविणे, गळाने मासे धरणे किंवा काठाकाठाने पदभ्रमण करणे यासाठी तेथे लोक आवर्जून जातात. हा परिपाठ कसा निर्माण झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीच एक वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. सुमारे २४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या बेटावर गोड्या पाण्याचे नैसर्गिक सरोवर एकच आहे. ते म्हणजे वायव्येकडील बारात्झ. वाळूच्या टेकड्यांनी एका दरीचे तोंड अडविल्यामुळे ते तयार झाले. उर्वरित जलाशय मानवनिर्मित असून ते बहुतांशी विसाव्या शतकातील धरणांमुळे अस्तित्वात आले आहेत. आज प्रवासी ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून पाहतो, ते वास्तविक वीज, सिंचन आणि आरोग्य यांविषयीच्या शासकीय निर्णयांचे फलित आहे. त्या निर्णयांमध्ये पर्यटनाचा विचार जवळजवळ नव्हता, हे विशेष.

साचलेल्या पाण्याचे भय

सार्डिनियात साचलेले पाणी म्हणजे हिवताप, हे समीकरण फार जुने आहे. इ.स.पूर्व ५६ मध्ये सिसरोचा धाकटा भाऊ क्विंटस सरकारी कामानिमित्त या बेटावर होता. हिवाळा असला तरी आपण सार्डिनियात आहोत हे विसरू नये आणि प्रकृतीला जपावे, अशा आशयाची सूचना सिसरोने त्याला पत्रातून केली होती. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे ही अपकीर्ती टिकून राहिली. काब्राससारख्या किनाऱ्यालगतच्या खाऱ्या सरोवरांत बोरूच्या नावा घालून मासेमारी करणारे कोळी होते. परंतु त्यांच्यासाठी ते पाणी म्हणजे उपजीविका होती, विरंगुळा नव्हे. ज्याला शक्य असेल तो उन्हाळ्यात सखल प्रदेशापासून दूर राही. अशा समाजात 'पाण्याकाठी सहल' ही कल्पना रुजण्यास वावच नव्हता.

तिर्सोचे धरण आणि झुरी गाव

या परिस्थितीत पहिला मोठा बदल तिर्सो नदीवर घडला. सुमारे १५० किलोमीटर लांबीची ही बेटावरील सर्वांत मोठी नदी. पावसाळ्यात, म्हणजे तेथील हिवाळ्यात, ती ओरिस्तानोच्या मैदानाला पुराने झोडपी आणि उन्हाळ्यात जवळजवळ आटून जाई. पाणी अडविल्यास पूर आवरेल, वीज मिळेल, शेतीला पाणी मिळेल आणि दलदलही हटेल, असा विचार अभियंता आंजेलो ओमोदेओ यांनी मांडला. १९१३ मध्ये जोलिती यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तिर्सोवरील जलाशयासाठी खास कायदा झाला. १९१८ ते १९२४ या काळात सांता क्यारा येथे धरण बांधून पूर्ण झाले आणि एप्रिल १९२४ मध्ये राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. त्यामागे साठलेला, सुमारे ४०० दशलक्ष घनमीटर क्षमतेचा जलाशय त्या काळी युरोपातील सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय गणला जाई. त्यास ओमोदेओ यांचेच नाव देण्यात आले. उद्घाटनसमयी मुसोलिनी सत्तेवर होता आणि पुढे धरणाच्या पाण्यावर वसविलेल्या नव्या शेतकरी वसाहतीस 'मुसोलिनिया' असे नाव देण्यात आले (१९४४ मध्ये ते बदलून 'आर्बोरेआ' झाले). त्यामुळे हे सारे फॅसिस्ट राजवटीचे कर्तृत्व होय असा समज पसरला असल्यास नवल नाही. परंतु योजनेचा उगम उदारमतवादी काळातील आहे, हे कायद्याच्या सालावरूनच स्पष्ट होते.

इंग्रजी कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांनी जानेवारी १९२१ मध्ये बेटाचा अंतर्भाग पाहिला, तेव्हा हे काम चालू होते. त्यांच्या 'सी अँड सार्डिनिया' या प्रवासवर्णनातील डोंगरांमध्ये आजचे निळे जलाशय आढळत नाहीत, याचे कारण एवढेच की ते तेव्हा नव्हते.

या जलाशयाने झुरी हे गाव गिळले. गावातील सेंट पीटरचे चर्च १२९१ मधील, लालसर दगडात बांधलेले असून कोमो येथील आन्सेल्मो या शिल्पकाराशी त्याचे नाव निगडित आहे. ते दगड न् दगड सुटा करून उंचावरील नव्या जागी पुन्हा उभारण्यात आले. वास्तुसंवर्धनाच्या इतिहासात या कामाचा गौरव होतो आणि तो रास्तही आहे. मात्र चर्चच्या प्रत्येक दगडावर क्रमांक घालणाऱ्या व्यवस्थेने गावातील घरे, अंगणे आणि नदीकाठची शेते तशीच पाण्याखाली जाऊ दिली. लोक वरच्या बाजूस नव्या झुरीत राहावयास गेले. हे गाव आज गिलार्झा नगरपालिकेत मोडते. विचारवंत आंतोनियो ग्राम्शी यांचे बालपण ज्या गिलार्झात गेले, तेच हे. आज जलाशय पाहण्यास येणारा प्रवासी चर्चसमोर थांबतो. मूळ गाव कोठे होते, हे विचारल्यास त्याला पाण्याकडे बोट दाखवावे लागते.

तिर्सोपाठोपाठ १९२७ मध्ये उत्तरेकडे कोगिनासचा जलाशय तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लुमेन्दोसा व मुलार्जा या नद्यांवर धरणे झाली आणि दोन्ही जलाशय बोगद्याने एकमेकांस जोडण्यात आले.

डी.डी.टी. आणि काठाची मुक्तता

जलाशय झाले म्हणून लोक त्यांच्या काठी जाऊ लागले, असे मात्र झाले नाही. १९४६ मध्ये हिवतापाच्या रुग्णांची संख्या पाऊण लाखाच्या घरात होती. त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने डास-निर्मूलनाची प्रचंड मोहीम सुरू झाली. घराघरांत, ओढ्यांत, डबक्यांत आणि दलदलीत डी.डी.टी. फवारण्यात आले. हिवताप पसरविणारी डासांची जात समूळ नष्ट करणे हे मोहिमेचे ध्येय होते आणि ते साध्य झाले नाही. डास उरलेच, परंतु १९५० पर्यंत रोग जवळजवळ नाहीसा झाला. ज्या प्रयोगाला कीटकशास्त्राच्या दृष्टीने अपयश म्हणावे लागते, त्यानेच बेटाचे सामाजिक जीवन पालटले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. डी.डी.टी.च्या अन्य दुष्परिणामांची चर्चा येथे अप्रस्तुत ठरेल. परंतु पाण्याकाठी निर्धास्तपणे रात्र काढता येणे ही सार्डिनियातील सामान्य माणसाच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. किनारपट्टीवरील पर्यटन आणि जलाशयांवरील विहार या दोहोंची खरी सुरुवात येथून धरावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विहार आणि पाण्यावरील हक्क

आज गावोई गावाजवळील गुसाना जलाशयाच्या काठी हॉटेले आहेत आणि पाण्यात कयाक दिसतात. हाच जलाशय तालोरो वीजकेंद्राचा वरचा साठा आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी येथे पंपाने वर चढविले जाते आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडले जाते. म्हणजेच काठाची रेषा कोठे असावी, हे सहलीला आलेला माणूस नव्हे, तर वीजकेंद्र ठरविते. फ्लुमेन्दोसावर पर्यटकांच्या बोटी चालतात. त्याच्या परिसरातच ओरोली येथील पाच बुरुजांचा आरुबिउ हा प्राचीन 'नुरागे', म्हणजे कांस्ययुगीन दगडी दुर्ग आहे. लिशा जलाशयाच्या काठी, लुरास गावानजीक, काही हजार वर्षांचे मानले जाणारे रानऑलिव्हचे वृक्ष पाहण्यास लोक येतात आणि त्याच पाण्यावर ईशान्य किनाऱ्यावरील वस्ती अवलंबून असते. गळ टाकून बसणाऱ्यांना मिळणारे कार्प आणि ब्लॅक बास हे मासेही मूळचे बेटावरील नव्हेत, बाहेरून आणून सोडलेले आहेत.

पाऊस पुरेसा झाला की या सर्वांचे निभावते. अडचण उद्भवते ती दुष्काळात. १९९५ मध्ये बेटावर पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. २०२४ च्या दुष्काळात पूर्वेकडील पोसादा नदीवरील माक्केरोनिस धरणाचा साठा संपत आला आणि शेतीच्या पाण्यावर निर्बंध आले. अशा वेळी पिणारे प्रथम, शेती त्यानंतर आणि नौका सर्वांत शेवटी असा क्रम लागतो. तो योग्यच आहे; मात्र काठावरील छोट्या गावांतील तरुणांनी नौका व खानावळी यांच्या भरवशावर गावात राहण्याचा निर्णय घेतलेला असतो, हेही नजरेआड करता येत नाही. मूळ योजनांत करमणुकीला स्थान नसल्यामुळे तिच्यासाठी किती पातळी राखावी, हा प्रश्न हक्क म्हणून मांडण्यास त्यांना आधार सापडत नाही.

पाणी ओसरले की इतिहासाच्या अभ्यासकाचा मात्र लाभ होतो. ओमोदेओची पातळी घटल्यावर सेदिलोजवळील सेरा लिंता ही नुरागेकालीन वस्ती उघडी पडते, तसेच अश्मीभूत झालेल्या वृक्षांचे अवशेषही दृष्टीस पडतात. १९९७ मध्ये जुन्या धरणाच्या खालच्या अंगास अधिक उंच धरण पूर्ण झाले आणि त्यास चौदाव्या शतकातील राज्यकर्ती एलेओनोरा द'आर्बोरेआ हिचे नाव देण्यात आले. १९२४ मध्ये राजाने ज्याचे उद्घाटन केले, ते सांता क्यारा धरण आता या नव्या धरणाच्या जलाशयात उभे असून पाण्याच्या पातळीप्रमाणे ते कधी अधिक, कधी कमी दिसते. सेदिलोच्या टेकडीवर दरवर्षी ६ व ७ जुलैला संत कॉन्स्टंटाईनच्या नावाने घोडेस्वारांची 'सार्दिया' ही दौड होते. त्या वेळी खालच्या खोऱ्यात हाच जलाशय पसरलेला असतो. उन्हाळा भरात असल्याने त्याची पातळी त्या सुमारास उतरणीला लागलेली असते.