अंधारात आपोआप मंद होणारे घड्याळ

हौसेने घरी बनविलेल्या एलईडी घड्याळाचे अंक भर दिवसाही स्पष्ट दिसावेत, म्हणून ते प्रखर ठेवले जातात. तेच अंक मध्यरात्री शयनगृहात डोळ्यांना खुपतात. रात्रीचा प्रखर, विशेषतः निळा प्रकाश झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतो. खोलीतील उजेड ओळखून घड्याळानेच आपले तेज बदलावे, हा त्यावरील सोपा उपाय.

या कामी 'एलडीआर' हा प्रकाशसंवेदी रोध पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबा परिसरातील दुकानांत तो सहज मिळतो. त्यातील कॅडमियम सल्फाइडच्या थरावर प्रकाश पडला की विद्युतरोध घटतो. प्रचलित प्रकारात १० लक्स उजेडात तो १० ते २० किलोओहम, तर गडद अंधारात १ मेगाओहमच्या घरात असतो. एलडीआरचे एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरे १० किलोओहमच्या रोधामार्फत ग्राउंडला जोडावे. दोहोंच्या सांध्यावरील व्होल्टेज आर्डुइनो उनोच्या अ‍ॅनालॉग पिनला दिल्यास ० ते १०२३ दरम्यानचा आकडा मिळतो. उजेड वाढला की आकडाही वाढतो.

अंकांचे तेज कमी करताना एलईडी अतिवेगाने चालू-बंद केले जातात व चालू राहण्याचा काळ घटविला जातो. घरगुती घड्याळांत सर्रास आढळणाऱ्या मॅक्स ७२१९ या चिपमध्ये त्यासाठी ० ते १५ अशा १६ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर हा काळ १/३२, तर शेवटच्या पायरीवर ३१/३२ असतो. मात्र उजेडाचा आकडा या पायऱ्यांत सरसकट विभागणे योग्य नव्हे. पहिल्या दोन पायऱ्यांतच तेज तिप्पट होते. शेवटच्या दोहोंतील फरक डोळ्यांना जाणवतही नाही. ०, १, ३, ७ आणि १५ या पाचच पायऱ्या निवडल्यास बदल समान भासतो.

दोन चुका हमखास होतात. एलडीआर अंकांशेजारी बसविल्यास घड्याळ स्वतःचाच प्रकाश मोजते व खोलीतील उजेडाचा अंदाज चुकतो. तो वरच्या बाजूस, काळ्या नळीत बसवावा. दुसरे म्हणजे, उजेड दोन पायऱ्यांच्या सीमेवर असला की अंक लुकलुकतात. त्यासाठी काही सेकंदांच्या मोजमापांची सरासरी घ्यावी आणि तेज वाढविण्याची व घटविण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवावी.

एवढे करूनही सर्वांत खालची पायरी रात्री प्रखर वाटल्यास चिपचा प्रवाह ठरविणारा रोध वाढवावा किंवा अंकांवर धुरकट फिल्म लावावी. मात्र त्यामुळे दिवसाचे तेजही घटते. म्हणून अंतिम चाचणी दोनदा घ्यावी: एकदा भर दुपारी आणि एकदा दिवे मालवून, अंथरुणावर पडून.