पाठ टेकल्यावर पुढे काय? साकुराबा, ग्रेसी आणि आपला भारत खंडारे

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बसमध्ये, उसाच्या ट्रॅक्टरवर, तालमीबाहेर, जिथं असाल तिथं वाचा.

आमच्या वडगाव निंबाळकरकडं, म्हणजे बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, कुस्तीचा हिशोब एकदम सोपा. पाठ मातीला टेकली की खेळ खल्लास. जत्रेतली कुस्ती 'निकाली' असली की गुण नाहीत आणि घड्याळाकडं कुणी बघत नाही. एकजण चितपट होईपर्यंत हलगी वाजत राहते. त्यामुळं मोबाईलवर एमएमए बघणारी पोरं मला नेहमी एकच विचारतात: "अरे, तो उताणा पडलाय, तरी पंच थांबवत का नाही?"

या एका प्रश्नात एका जपानी पैलवानाचं अख्खं करिअर बसतं. त्याचं नाव काझुशी साकुराबा.

साकुराबा १९६९ साली उत्तर जपानच्या अकिता प्रांतात जन्मला. चुओ विद्यापीठात ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती केली आणि १९९३ साली व्यावसायिक कुस्तीत उतरला. ही व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपल्या भाषेत नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला. पण तो ज्या यूडब्ल्यूएफआय कंपनीत होता, तिथली नुरा जरा वेगळी होती. डाव खरे, सराव खरा आणि शिकवायला इंग्लंडचा बिली रॉबिन्सन. जुन्या 'कॅच' कुस्तीचा वस्ताद. कॅच कुस्तीत चितपट तर करायचंच, शिवाय हातपाय पिरगाळून समोरच्याला हार मानायलाही लावायचं.

आता एक गंमत ऐका. जपानी पैलवानांच्या तालमीत नवा पोरगा आला की त्याच्याकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात. त्या व्यायामाला तिथं नाव आहे 'हिंदू स्क्वॉट'. आपले जोर-बैठका तिकडं कधीच पोचलेत.

आता ग्रेसी घराण्याकडं वळू, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. ब्राझीलच्या या कुटुंबानं जपानी ज्युदोतून स्वतःची जुजुत्सू घडवली. तिचा गाभा असा की पाठीवर पडणं म्हणजे हरणं नव्हे, तीसुद्धा लढायचीच एक जागा. वरच्याला दोन पायांत अडकवायचं, हात ओढायचा, गळा आवळायचा. १९९३ साली अमेरिकेत यूएफसी सुरू झालं, तेव्हा सडपातळ रॉयस ग्रेसीनं याच जोरावर आपल्यापेक्षा धिप्पाड गडी हरवले. भल्याभल्या कुस्तीगिरांना कळेना, की गडी खाली पाडला, आता याचं करायचं काय?

जपानचे व्यावसायिक पैलवानही यांच्यापुढं हरत होते. लोक हसायला लागले की तुमची कुस्ती नुसतं नाटक. साकुराबा पुढं आला तो या वातावरणात. २१ डिसेंबर १९९७ रोजी योकोहामात यूएफसीची स्पर्धा होती. समोर त्याच्याहून खूप वजनदार मार्कस सिल्व्हेरा, जुजुत्सूचा ब्लॅक बेल्ट. साकुराबा पट काढायला खाली वाकला आणि पंचाला वाटलं, गडी बेशुद्ध पडला. लढत थांबवली. चूक लक्षात आल्यावर तो निकाल रद्द झाला आणि त्याच रात्री दोघं पुन्हा भिडले. या वेळी साकुराबानं सिल्व्हेराचा हात सरळ ताणून त्याला हार मानायला लावली. नंतर माईकवर त्यानं सांगून टाकलं की व्यावसायिक कुस्ती खरंच ताकदवान आहे.

मग नोव्हेंबर १९९९. प्राइड नावाच्या जपानी स्पर्धेत त्यानं रॉयलर ग्रेसीचा खांदा असा पिरगाळला की पंचांनीच लढत थांबवली. रॉयलरनं स्वतः हार मानली नव्हती, म्हणून ग्रेसी मंडळी चिडली. पुढच्या लढतीसाठी रॉयसनं अटी घातल्या: पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, कितीही होवोत; पंचांनी मध्ये थांबवायचं नाही; एकतर गडी हार मानेल, नाहीतर त्याच्या बाजूचे टॉवेल टाकतील. मंडळी, ही आपली निकाली कुस्तीच झाली की!

१ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये ती लढत झाली. साकुराबा तीन एकसारख्या मुखवट्यांच्या टोळीतून आला, यातला खरा कोण ते ओळखा! लढत मात्र खेळ नव्हता. सहा फेऱ्या, म्हणजे ९० मिनिटं. लाथा खाऊन खाऊन रॉयसचा पाय निकामी झाला आणि शेवटी त्याच्या भावानं टॉवेल टाकला. त्याच संध्याकाळी साकुराबा पुढच्या फेरीत इगोर वोवचांचिनसमोर उभा राहिला. आणखी १५ मिनिटं लढला, मग त्याच्याच बाजूच्यांनी त्याला थांबवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेन्झो ग्रेसी आणि डिसेंबरमध्ये रायन ग्रेसी त्याच्याकडून हरले. रेन्झोच्या लढतीत शेवटचे काही सेकंद उरले असताना साकुराबानं त्याचा कोपर निखळवला. त्या डावाला म्हणतात 'किमुरा'. १९५१ साली रिओत मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूनं याच डावानं हेलिओ ग्रेसीचा, म्हणजे रॉयसच्या बापाचा, हात मोडला होता. ग्रेसींच्या जुजुत्सूत डावाला नाव राहिलं ते हरवणाऱ्याचं. पुढं तो किमुराही व्यावसायिक कुस्तीत गेला होता.

इथंच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पण २००१ च्या मार्चमध्ये प्राइडनं नियम बदलले. खाली असलेल्याला गुडघे आणि लाथा मारायला परवानगी मिळाली. समोर होता वांडरलेई सिल्वा. साकुराबा ९८ सेकंदांत हरला. त्याच वर्षी पुन्हा हरला, २००३ मध्ये तिसऱ्यांदा हरला. त्याचं वजन मुळात कमी, पण लोकांना तो मोठ्यांशी भिडलेला बघायचा होता आणि तोही नाही म्हणाला नाही. मार खात तो लढत राहिला तो थेट २०१५ च्या डिसेंबरपर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत. त्या रात्री शिन्या आओकीनं त्याला बदडलं तेव्हा टॉवेल त्याच्या बाजूनं पडला.

जुलै २०१७ मध्ये यूएफसीनं साकुराबाला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक मराठी गडी त्याच यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. मुंबईचा भारत खंडारे. मूळचा कुस्तीगीर. २०१२ मध्ये मुंबईत राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग सुरू केली, त्यातून तो वर आला. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये त्याची लढत झाली. त्याच्याआधी यूएफसीत उतरलेला अर्जन भुल्लर भारतीय वंशाचा असला तरी कॅनडाचा होता. भारतातून थेट तिथं गेलेला पहिला खंडारेच.

समोर १९ वर्षांचा चिनी पोरगा, सोंग यादोंग. पहिल्याच फेरीत सोंगनं भारतचा गळा आवळला आणि लढत संपली. त्या डावाला 'गिलोटिन' म्हणतात. तालमीतल्या पोरांनी हा डाव नीट समजून घ्यावा. एकेरी किंवा दुहेरी पट काढताना आपण डोकं खाली घालून आत शिरतो. आपल्या कुस्तीत गळा आवळायला मनाई आहे, त्यामुळं मान सांभाळायची सवयच लागत नाही. एमएमएत तीच मान समोरच्याच्या काखेत जाते. गिलोटिन कुणालाही लागू शकतो, पण कुस्तीतून आलेल्याला पहिला धोका त्याचाच.

मला साकुराबा मोठा वाटतो तो इथं. त्यानं कुस्ती सोडली नाही, कुस्तीचं अर्धवट राहिलेलं उत्तर पूर्ण केलं: पाठ टेकल्यावर पुढे काय? आपली कुस्तीही हे करू शकते. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव मातीतून मॅटवर गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या गटाचं सुवर्ण जिंकणारा शोहाची इशी जपानीच होता.

पण पोरांनो, हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. कुस्तीत नाव काढलं की पुढं वाट दिसते. राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली की गावोगावच्या जत्रांत मान आहे. एमएमए ऑलिंपिकमध्ये नाही, आणि डोक्यावर बसलेला मार पुढं आयुष्यभर सोबत राहतो. जायचंच असेल तर खुशाल जा. पण आधी सहा महिने फक्त पाठीवर पडून लढायला शिका आणि मान आत ओढून पट काढायची सवय लावा. आणि कोपऱ्यात असा वस्ताद ठेवा, जो वेळ आली की तुम्हाला न विचारता टॉवेल टाकेल.

भाग आवडला तर तालमीच्या ग्रुपवर टाका. पुढच्या भागात भेटू. राम राम!